दोन फटक्यांचे बासष्ट हजार डॉलर! घोड्याला मारलेला चाबूक मोजतं कोण आणि कशासाठी?

ओहोटी लागली की आमच्याकडची पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अशी कडक होते की भरल्या गाडीचं चाकही रुतत नाही. अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या गावांत शर्यत ठेवायची तर लोक पंचांग उघडतात, पण मुहूर्तासाठी नाही, तिथीवरून ओहोटीची वेळ काढायला. पाणी मागे सरलं की तीन-चार तास आपले. तेवढ्यात बैलगाड्या, घोडागाड्या, सगळं उरकायचं.

अशाच एका संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. गावातले सगळेच त्यांना मामा म्हणतात. सुट्टीत पर्यटकांना घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरवणं हा त्यांचा धंदा, शर्यत हा शौक. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हे वाच रे. दोन फटक्यांचे बासष्ट हजार डॉलर? काहीतरी फेकाफेकी असणार."

फेकाफेकी नव्हती. अमेरिकेतल्या एका शर्यतीत स्वाराने घोड्याला दोन फटके जास्त मारले, म्हणून त्याला तेवढा दंड झाला होता. "रुपयांत ५२ लाखांच्या आसपास होतात, मामा," मी म्हटलं. त्यांनी काखेतला चाबूक काढून असा बघितला, जणू तो कुणा परक्याचा आहे.

मग सुरू झाले प्रश्न. फटके मोजतं कोण? मोजून घोड्याचं काय भलं होतं? आणि मारायचंच नसेल तर चाबूक हातात देता कशाला? तेव्हा मला धड उत्तरं देता आली नाहीत. नंतर वाचून जे समजलं ते हे.

आधी बातमी

३ मे २०२५ ला अमेरिकेत केंटकी डर्बी झाली. तिथली ही सगळ्यात मानाची शर्यत. 'सॉव्हरिन्टी' नावाचा घोडा दीड लेंग्थने जिंकला. एक लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा. स्वार, म्हणजे जॉकी, होता ज्युनियर अल्वाराडो. अमेरिकेत २०२२ पासून घोडेशर्यतींसाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण आहे. त्याच्या नियमानुसार एका शर्यतीत सहाच फटके मारता येतात. तेही सलग दोनपेक्षा जास्त नाहीत. दोन मारले की थांबायचं, घोडा काय प्रतिसाद देतो ते बघायचं, मग पुढचा. अल्वाराडोचे आठ मोजले गेले.

आता दंडाचं गणित. पहिल्या घोड्याचं बक्षीस ३१ लाख डॉलर. जॉकीचा वाटा त्याच्या दहा टक्के, म्हणजे ३ लाख १० हजार. तीनपर्यंत फटके जादा झाले तर जॉकीच्या वाट्यातले दहा टक्के कापतात आणि एक दिवसाची बंदी घालतात. त्याची १८० दिवसांतली ही दुसरी चूक, म्हणून दोन्ही शिक्षा दुप्पट: वीस टक्के, ६२ हजार डॉलर, आणि दोन दिवस बंदी. त्यावर त्याने अपील केलं.

घोड्याचा पहिला नंबर मात्र कायम राहिला. मालकाचं बक्षीसही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं भांडण याच खुंटीला अडकलेलं आहे.

हा चाबूक तो चाबूक नव्हे

मामांचा चाबूक म्हणजे वेताची काठी, तिला चामड्याची वादी आणि वादीच्या टोकाला सुतळीची गाठ. तो बहुतेक वेळा घोडीला लागतच नाही. हवेत झटकला की 'फट्ट' असा आवाज होतो, घोडीचे कान मागे जातात आणि ती पाय उचलते. (तो आवाज कशाचा, हे मला फार उशिरा कळलं. लांब चाबूक झटकला की त्याचं टोक क्षणभर ध्वनीहून जास्त वेगाने जातं, त्याचा तो धमाका.)

जॉकीच्या हातात असते ती पाऊण मीटरच्या आसपासची आखूड छडी. तिच्या शेवटच्या भागाला फोमची गादी गुंडाळलेली असते. आपण चप्पल झटकतो तसा तिचा आवाज मोठा आणि मार कमी, अशी तिची बांधणी. ती कुठे मारायची हेही ठरलेलं आहे. ब्रिटनमध्ये मागच्या पुठ्ठ्यावर, खांद्याच्या वर हात न उचलता. तोंडावर, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला चालत नाही. जो घोडा स्पर्धेतून बाहेर पडलाय किंवा ज्याचं जिंकणं पक्कं झालंय, त्याला मारायचं नाही.

बैलाच्या पराणीशी तर याची तुलनाच नको. टोकाला आर ठोकलेली पराणी आपल्याकडे १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंद केली आहे. ती अजून किती गोठ्यांच्या वळचणीला खोचलेली असते, हा वेगळा विषय.

थोडक्यात, भांडण चालू आहे ते या गादीवाल्या छडीवरून. रक्त काढणाऱ्या आसुडावरून नाही. समजूतदार माणसं दोन्ही बाजूंना सापडतात ती यामुळेच.

मारलं की घोडा जास्त पळतो का?

आपल्याला वाटतं, हा काय प्रश्न झाला? पण सिडनी विद्यापीठातल्या डेव्हिड एव्हान्स आणि पॉल मॅकग्रीव्ही यांनी २०११ साली तो मोजून बघितला. ऑस्ट्रेलियातल्या काही शर्यतींचे तुकडे पाडून कुठल्या तुकड्यात वेग किती आणि फटके किती, हे त्यांनी ताडून पाहिलं. घोडे सगळ्यात जोरात पळत होते ते शेवटाच्या आधीच्या ६०० ते ४०० मीटरच्या पट्ट्यात, आणि तिथे चाबूक चाललाच नव्हता. चाबूक चालला शेवटच्या ४०० मीटरमध्ये, जिथे घोडे दमून मंदावत होते. फटके वाढले म्हणून वेग वाढला, असं काही दिसलं नाही. अभ्यास थोड्याच शर्यतींचा होता, त्यामुळे त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. पण उलट बाजूने तितका नेटका पुरावा कुणी ठेवला आहे, असंही माझ्या वाचनात आलं नाही.

यामागचं कारण समजायला मेअखेरीस बंदरावर जा. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात ते बघा. पंधरा-वीस जण दोराला लागलेले, एकाच्या आरोळीवर सगळ्यांचा एकदम हिसका. ती आरोळी ताकद देत नाही, ताल देते. आता होडी शेवटच्या दहा हातांवर आहे, मांड्या थरथरताहेत, श्वास पुरत नाही, आणि अशात कुणी मागून ओल्या दोरखंडाचे सपके मारले, तर होडी लवकर वर येईल का? एखादा दचकून एक हिसका जास्त देईल. बाकीचे शिव्या देतील.

घोड्याचं शरीरही तसंच बांधलेलं आहे. भरधाव घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, त्याचा श्वास पायांशी जुंपलेला असतो. काळीज मिनिटाला दोनशेच्या वर धडधडत असतं. शेवटच्या वळणावर स्नायूंना लागतो तेवढा प्राणवायू पोचतच नाही. जे गोदामात नाही ते चाबूक कुठून आणणार?

जॉकी याला एक उत्तर देतात आणि ते उडवून लावण्याजोगं नाही. त्यांचं म्हणणं, सगळे घोडे दमलेले नसतात. काही पुढे गेले की आळसावतात, इकडेतिकडे बघतात, शेजारच्या घोड्याकडे झुकतात. त्यांना एक चापट म्हणजे 'अरे, लक्ष कुठाय?' मामांनी हे ऐकून जोरात मान डोलावली. त्यांच्या घोडीला पुळणीवर पडलेलं पांढरं प्लास्टिक दिसलं की ती चालणंच विसरते. ठीक आहे. पण लक्ष वेधायला एक पुरते, फार तर दोन. आठ नाही.

लागतं का पण?

"घोड्याची कातडी म्हणजे काय माणसाची आहे? जाड असते," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे, कदाचित म्हटलंही असेल.

मामा घोडीला खरारा करत होते तेव्हा मी जवळ उभा होतो. तिच्या पुठ्ठ्यावर एक माशी बसली. पाय हलला नाही, शेपटी हलली नाही. फक्त माशीच्या खालचं हातभर कातडं पाण्यावर शहारा यावा तसं थरथरलं आणि माशी उडाली. जिला माशीचे पाय कळतात, तिला छडी कळत नाही म्हणणं जरा अवघड आहे.

ऑस्ट्रेलियातच २०२० साली माणसाच्या आणि घोड्याच्या पुठ्ठ्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आली. घोड्याची कातडी एकूण जाड भरली, पण ती खालच्या थरामुळे. वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात ती वरच्या थरात, आणि तो थर माणसाहून जाड निघाला नाही. टोकांच्या दाटीतही लक्षात घ्यावा असा फरक नव्हता. धावण्याच्या धुंदीत, रक्त उसळलेलं असताना दुखणं किती जाणवतं, हा मुद्दा उरतो. कबड्डीत गुडघा फुटल्याचं घरी गेल्यावरच कळतं, तसं काहीसं. पण 'लागतच नाही' हा दावा मला आता पटत नाही.

मामांनी याचा पेच एका वाक्यात घातला. "लागत नसेल तर मारतात कशाला, आणि लागत असेल तर सहा तरी का?"

सहाच का? सात का नाही?

या आकड्यांमागे शास्त्र नाही, तडजोड आहे.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०११ च्या ग्रँड नॅशनलमध्ये 'बॅलाब्रिग्ज' जिंकला. साडेचार मैलांच्या आसपासची, उंच कुंपणं ओलांडायची ही शर्यत. जिंकल्यावर घोड्याला प्राणवायू द्यावा लागला, आणि जॉकी जेसन मॅग्वायरवर चाबकाच्या अतिवापरासाठी पाच दिवसांची बंदी आली. टीव्हीवर हे लाखोंनी पाहिलं. लोक बिथरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कडक नियम आले: सपाट शर्यतीत सात फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ. त्यातही शेवटच्या फर्लांगात, म्हणजे सुमारे २०० मीटरमध्ये, पाचच.

पाच दिवसांत त्याचा पहिला मोठा दणका बसला. १५ ऑक्टोबर २०११ ला अ‍ॅस्कटच्या मैदानावर चॅम्पियन स्टेक्स शर्यतीत फ्रान्सहून आलेला ख्रिस्तोफ सुमियाँ 'सिरस देझेग्ल' घोड्यावर जिंकला, पण शेवटच्या फर्लांगात पाचाऐवजी सहा मारून बसला. एका फटक्यासाठी बक्षिसातला त्याचा सगळा वाटा, सुमारे ५० हजार पौंड, कापायचं ठरलं. वर पाच दिवस बंदी. जॉकी खवळले. रिचर्ड ह्यूजसारख्या नावाजलेल्या स्वाराने तर परवानाच परत केला होता. काही दिवसांतच शेवटच्या फर्लांगाची अट काढावी लागली.

२०२३ मध्ये ब्रिटनने आकडा आणखी एकाने उतरवला: सहा आणि सात. ऑस्ट्रेलियाची तऱ्हा वेगळी. शेवटच्या १०० मीटरच्या आधी पाच, आणि नंतर मोजदादच नाही! म्हणजे घोडा सर्वांत दमलेला असतो तिथेच मोकळीक. मला हा नियम वाचून हसू आलं होतं. आमच्याकडे देवळातला भजनाचा कर्णा दहानंतर बंद आणि आरतीला मात्र हवा तेवढा मोठा, त्यातलाच प्रकार. नॉर्वेने मात्र १९८२ पासूनच पळवण्यासाठी मारणं थांबवलं, आणि २०२२ मध्ये स्वीडनही त्याच वाटेने गेलं. तिथे शर्यती बंद पडल्या नाहीत.

खरी गाठ: मासळी कोणाची?

आता त्या खुंटीकडे येऊ.

२९ जुलै २०२३, पुन्हा अ‍ॅस्कट. किंग जॉर्ज नावाची मोठी शर्यत. 'हुकूम' आणि 'वेस्टओव्हर' हे दोन घोडे शेवटचा सगळा टप्पा खांद्याला खांदा लावून धावले. 'हुकूम' फक्त डोक्याच्या अंतराने जिंकला. त्याच्या जॉकीने, जिम क्राउलीने, नऊ फटके मारले होते, मर्यादेपेक्षा तीन जास्त. शिक्षा: २० दिवस बंदी आणि १० हजार पौंड दंड. दहावा फटका मारला असता तर घोडाच बाद झाला असता, कारण २०२३ च्या नियमानुसार चार किंवा जास्त फटके जादा झाले की घोडा बाद. नऊवर तो थांबला, आणि 'हुकूम'चं नाव विजेत्यांच्या यादीत कायमचं कोरलं गेलं.

अमेरिकेतही उंबरठा हाच आहे. चार जादा झाले की घोड्याचं बक्षीस जातं. तीनपर्यंत जे काही सोसायचं ते जॉकीने.

आपल्या बंदरावरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. मासळी अंडी घालते, तिला वाढू द्यायची. समजा उद्या कायदा असा झाला, की बंदीत होडी घेऊन गेलात तर तांडेलाला, म्हणजे नाव हाकणाऱ्याला, दंड, पण पकडलेली पापलेटं नावेच्या मालकाने खुशाल विकावीत. किती नावा बंदरात राहतील? मालक तांडेलाला सांगेल, तू जा रे, दंडाचं मी बघतो. हा दंड नव्हे, समुद्रात जायचं भाडं झालं. मासळी जप्त होते म्हणून बंदीला धाक आहे.

घोड्याच्या शर्यतीत तीन जादा फटक्यांपर्यंत मासळी जप्त होत नाही. केंटकीत ६२ हजार कापूनसुद्धा जॉकीच्या वाट्याला २ लाख ४८ हजार डॉलर उरतात, आणि नावापुढे डर्बी लागते ती आयुष्यभर. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये शेजारचा घोडा नाकाला नाक लावून असताना हा हिशेब कुणी कागदावर मांडत नाही हे खरं, पण हाताला तो पाठ असतो. म्हणून मला वाटतं, सहा की सात यावर डोकं फोडणं हे पाणी घुसळून लोणी काढण्यासारखं आहे. मर्यादा कितीही ठेवा, पण ती ओलांडून मिळालेला विजय हातात राहणार असेल तर ती मर्यादा नाही, दरपत्रक आहे.

यावर लोक काय म्हणतील तेही माहीत आहे.

"मालकाचा काय दोष?"

चूक जॉकीची, तर लाखो खर्चून घोडा पाळणाऱ्या मालकाला का मारता? वरवर बरोबर वाटतं. पण शर्यतीत जॉकीने दुसऱ्या घोड्याला आडवं जाऊन त्याची वाट रोखली आणि त्यामुळे निकाल फिरला, तर त्याचा घोडा मागे ढकलला जातोच. घोड्याच्या रक्तात बंदी घातलेलं औषध सापडलं तर तो बादच होतो, मग ते कुणीही दिलेलं असो. तिथे मालकाचा दोष कुणी विचारत नाही. एकट्या चाबकाच्या बाबतीत एवढी हळहळ कशाला? उलट, आपलं बक्षीस जाऊ शकतं हे कळलं की मालकच जॉकीला निघताना दोनदा बजावतील. आज तेच मालक जिंकल्यावर पाठ थोपटतात.

"आणि ज्यांनी पैसे लावले त्यांचं काय?"

हा अडथळा बाहेरून दिसतो त्याहून लहान आहे. ब्रिटनमध्ये गंभीर प्रकरणं चाबकाच्या समितीपुढे जातात. ती नंतरच्या दिवसांत बसून चित्रफिती तपासते. तोवर मैदानावरच्या निकालाप्रमाणे पैजेचे पैसे वाटून झालेले असतात आणि ते परत घेत नाहीत. अमेरिकेतही या कारणाने फक्त बक्षीस जातं, पैजांचा हिशेब तसाच राहतो. म्हणजे घोडा बाद झाला तरी पैज लावणाऱ्याचा खिसा शाबूत. हे थोडं विचित्र आहे खरं. पुस्तकात पहिला एक आणि पैसे मिळाले दुसऱ्याला. पण चालतं.

"चाबूक नसेल तर मुद्दाम हरणं सोपं होईल"

सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. शर्यतीवर पैसा लागतो. पैसा लागतो तिथे जॉकीला 'हळू घे' सांगणारेही असतात. म्हणून सगळीकडे नियम आहे, जॉकीने शेवटपर्यंत जीव तोडून प्रयत्न केला पाहिजे. प्रयत्न केला हे पंचांना आणि लोकांना कसं दिसणार? हात वर गेला, छडी पडली, की दिसलं. चाबूक असा प्रयत्नाची पावती बनला. घोड्यासाठी कमी आणि गॅलरीसाठी जास्त.

पण मग ही कबुलीच झाली की! घोडा पळावा म्हणून मारत नाही, लोकांनी शंका घेऊ नये म्हणून मारतो. ब्रिटनमध्ये नवशिक्या जॉकींच्या काही शर्यती 'हात आणि टाच' पद्धतीच्या असतात. छडी जवळ असते, पण पळवण्यासाठी मारायची नाही. २०२० मध्ये अभ्यासकांनी अशा आणि नेहमीच्या मिळून १२६ शर्यती ताडून पाहिल्या. घोडे रेषेत धावण्यात, अपघाताच्या धोक्यात, शर्यतीला लागणाऱ्या वेळात, कशातच म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. प्रयत्न दिसायचाच असेल तर तो खांद्यांत, पाठीत, लगामाच्या हातात दिसतो. पंचांना बघता आला पाहिजे.

"घोडा बिथरला तर?"

हे मान्य. पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरने कुंपणावर चाललं असेल, तर वळवायला हातात काहीतरी हवं. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने २०२१ मध्ये पळवण्यासाठी मारणं बंद केलं, तरी जिवाच्या धोक्यात छडी वापरायची मुभा ठेवली. यात वाद नाही. आपल्या घरी विळा असतो, पण तो रागावल्यावर उचलायचा नसतो.

आपल्याकडे काय?

मांडव्याहून बोटीने तासाभरात गेटवेला उतरा आणि टॅक्सीने महालक्ष्मीला जा. तिथल्या रेसकोर्सवर १८८३ पासून घोडे धावताहेत. त्यांना २००१ चे केंद्राचे नियम लागू आहेत. चाबूक चालतो, पण झटका शोषून घेणारा, गादीचाच, आणि फटक्यांवर बंधन आहे.

आता परत बोटीत बसून आमच्या पुळणीवर या. इथे बैल. बैलगाडा शर्यतीची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या निकालात बैलांच्या शर्यती थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. ती न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. अट काय? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची तपासणी, आणि काठी, चाबूक, विजेचा शॉक यातलं काहीही नाही. सहा नाही, सात नाही, शून्य. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

गंमत बघा. एकाच राज्यात, बोटीच्या एका फेरीच्या अंतरावर, टोपी घातलेले साहेब बघायला बसतात तिथे गादीचा चाबूक कायदेशीर, आणि लुंगी गुंडाळलेले आम्ही बघायला उभे राहतो तिथे हातात काठी दिसली तरी गुन्हा. बैलवाले यावर चिडतात आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. पण त्यातून 'आम्हालाही मारू द्या' हा निष्कर्ष मला मंजूर नाही. शून्याचा नियम मोजायला सोपा असतो, एवढं तरी महालक्ष्मीने आमच्याकडून शिकायला हरकत नाही.

आणि मामांची घोडागाडी? बैलांसाठीची ती दुरुस्ती घोड्याबद्दल बोलत नाही. रेसकोर्सचे पंच पुळणीवर येत नाहीत. उरतो १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. जनावराला मारहाण करून यातना दिल्या, तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० मध्ये पन्नास रुपयांना वजन होतं. आज वाळूत रुतलेली गाडी ढकलून दिली तर पोरं त्याहून जास्त मागतात.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी निवांत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या शर्यतीला तू मोज माझे."

मी मोजले. दोन गाड्या, पाऊण किलोमीटरची पुळण, ओली वाळू उडतेय, माणसं मध्ये येताहेत. मामांची गाडी दुसरी आली. मला चार फटके दिसले. मामा म्हणाले तीन, त्यातला एक तर नुसता हवेत होता. शेवटी भाच्याने मोबाईलवर घेतलेली क्लिप थांबवत थांबवत लावली. आम्ही तिघं उन्हात हाताची सावली करून त्या स्क्रीनवर वाकलो. एक, दोन, तीन, चार. आणि शेवटाच्या अगदी तोंडाशी पाचवा.

"तो गाडीच्या दांड्यावर बसला," मामा म्हणाले. "तो नाही धरायचा."